खिशातली फिल्म

१

आप्पांनी चौतीस वर्षं अंधारात काढली आणि ती सुखात काढली. इस्पितळाच्या एक्स-रे विभागात मागच्या अंगाला डार्करूम होती. तांबडा दिवा, औषधांच्या तीन टाक्या, तारेवर लटकणाऱ्या क्लिपा आणि नळाचा बारीक आवाज, एवढाच तिथला पसारा. शाळा सातवीपर्यंत झालेली. पण ओली फिल्म हातात आली की ती किती काळी आहे आणि का काळी आहे, हे ते नुसत्या नजरेनं सांगायचे. मोठे डॉक्टर त्यांना लाडानं घुबड म्हणत.

आणखी एक काम त्यांनी आपण होऊन अंगावर घेतलं होतं. लहान मुलं यंत्राखाली ठरत नाहीत. आई रडते, मूल किंचाळतं, फोटो हलतो आणि पुन्हा काढावा लागतो. मग आप्पा डार्करूममधून बाहेर येत, मुलाचे खांदे हलकेच धरत आणि म्हणत, "श्वास घे... धरून ठेव... हां, सोड." त्या आवाजात काय होतं कोण जाणे, मुलं ऐकायची. एखादी पोटुशी बाई नाइलाजानं यंत्राखाली आलीच, तर तिच्या पोटावर ते शिशाचा जड एप्रन टाकत आणि तो घसरू नये म्हणून कडेला धरून उभे राहत. फिल्म धुतली की कोपऱ्यात त्यांच्या बोटांची हाडं उमटलेली असायची. मोठे डॉक्टर ती उजेडाला धरून म्हणायचे, "घुबडा, केलीस का पुन्हा सही?"

त्या सह्या बोटांना भोवल्या. नखांवर उभ्या रेघा पडल्या, टोकं बधिर झाली. चहाचा कप कढत आहे की कोमट, हे आता त्यांना ओठ लावल्यावरच कळायचं. तक्रार मात्र कधी केली नाही. "धरायला कुणीतरी लागतंच," एवढंच म्हणायचे.

बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी एकुलती. तिचं खरं नाव शाळेच्या दाखल्यावर राहिलं, कारण चार वर्षांची असताना तिनं भिंतीतल्या सॉकेटमध्ये खिळा घातला, दिवे घालवले आणि काळवंडलेली बोटं दाखवत खदखदून हसली. तेव्हापासून ती ठिणगी. मोठी होऊन ती व्हॅक्यूम पंप दुरुस्त करण्याच्या कारखान्यात लागली. नवरा एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत सामान सांभाळायचा. दोघांनी घरामागच्या खोलीत दोन वर्षं खपून एक यंत्र उभं केलं होतं.

दिसायला विशेष काही नव्हतं. फुटबॉलएवढा स्टीलचा पोकळ गोळा, त्याला एका बाजूनं जाड काचेची खिडकी. आतली हवा पंपानं ओढून काढायची, जड हायड्रोजन चिमूटभर सोडायचा, मधोमध टांगलेल्या तारेच्या जाळीला तीस-पस्तीस हजार व्होल्ट द्यायचे.

"सूर्यात जे होतं ना आप्पा, तेच," ठिणगीनं सांगितलं होतं. "फक्त लिंबाएवढं."

"त्यातून वीज मिळते?"

"छे. मिळते त्याच्या हजारपट खाते."

"मग कशासाठी गं?"

"बघायला."

आप्पांना ते उत्तर पटलं होतं. फक्त एवढ्या व्होल्टेजला यंत्रातून एक्स-रेही निघणार, हे त्यांना न सांगता कळलं होतं. निवृत्त होताना इस्पितळानं टाकून द्यायला काढलेला दातांच्या फिल्मचा डबा त्यांनी घरी आणला होता. त्यातलं एक पाकीट त्यांनी तिला दिलं. "कामाच्या डगल्याच्या खिशात ठेव. यंत्र लावशील तेव्हा अंगावर असू दे."

डगल्याचा खिसा पोटावर होता.

२

सात आठवड्यांनी, एका रविवारी सकाळी, ठिणगी बापाकडे आली आणि स्टुलावर बसली. चहाला नको म्हणाली. तेव्हाच आप्पांनी ओळखलं.

"दिवस गेलेत, आप्पा. नववा आठवडा."

आप्पांनी चहाचं भांडं खाली उतरवलं. याआधी दोनदा त्यांनी ही बातमी ऐकली होती, आणि दोन्ही वेळा तीन महिन्यांच्या आत इस्पितळाच्या बाकावर जावयाशेजारी मुकाट बसून राहिले होते.

"मला मंगळवारी कळलं," ती म्हणाली. "आणि यंत्र सात आठवडे चालू आहे. वहीत लिहिलंय. एकेचाळीस वेळा पेटवलं. प्रत्येक वेळी मी समोर खुर्चीवर."

तिनं कागद पुढं केला. स्टीलची जाडी, व्होल्टेज, काचेतून किती येईल, खुर्चीपर्यंत किती पोहोचेल. खाली उत्तर होतं: शून्य, मग टिंब, मग बरीच शून्यं.

"कागद म्हणतो काही नाही. डॉक्टरीण म्हणते घाबरू नका. पण दोन्ही वेळा कागद चांगलेच होते." तिनं खिशातून पांढरं पाकीट काढून त्यांच्या तळहातावर ठेवलं. "तुम्ही सांगा. तुमच्या डोळ्यांनी सांगा. किती झालंय?"

आप्पांनी पाकीट मुठीत धरलं. ते तिच्या अंगाचं ऊबदार होतं की नाही, हे त्यांच्या बोटांना कळलं नाही.

"ही एकच आहे," ते सावकाश म्हणाले. "धुताना बिघडली तर पुन्हा नाही. आधी औषधं तपासतो, यंत्र तपासतो. सगळं ठीक निघालं की शेवटी ही."

"आणि तोवर?"

"तोवर तू मागच्या खोलीत पाऊल टाकायचं नाहीस."

"हो, आप्पा."

"तोंडानं म्हणालीस. पायांना सांग."

ती हसली, आणि मग तिचे डोळे भरून आले.

३

आप्पा त्याच दिवशी लेकीच्या घरी गेले. जावई उत्साही माणूस. त्यानं स्विचची तार लांबवून दाराबाहेर आणली, आणि काचेसमोर तिरपा आरसा लावला, म्हणजे बाहेरून आत बघता येईल.

आप्पांनी बारा पाकिटं काढली. दातांच्या फिल्मचं पाकीट बिस्किटाएवढं असतं. एक बाजू कोरी पांढरी, ती किरणांकडे करायची. दुसऱ्या बाजूला चिकटपट्टी, आणि तिच्या आत पातळ शिशाचा पत्रा, किरण मागे जाऊ नयेत म्हणून. त्या पत्र्यावर बारीक तिरप्या रेघांची नक्षी ठोकलेली असते. पाकीट उलटं लागलं तर किरण पत्र्यातून जातात, फिल्म फिकी निघते आणि तिच्यावर ती नक्षी उमटते. म्हणजे चूक करणाऱ्याची चोरी लगेच पकडली जाते. या चुकीसाठी आप्पांनी चौतीस वर्षांत किती नवशिक्यांचे कान उपटले होते, त्याला मोजदाद नव्हती.

एक पाकीट त्यांनी काचेसमोर लावलं. दहा यंत्राच्या चहूबाजूंनी, हाताच्या अंतरावर: भिंतीकडून, खुर्चीकडून, वरून टांगलेलं एक आणि गोळ्याखाली फरशीवर एक. बारावं पुढच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात साक्षीला ठेवलं. मुदत संपलेली फिल्म नुसत्या वयानं थोडी करडी होते. किती झाली आहे, ते त्यावरून कळणार होतं.

"पेटवू, आप्पा?"

"पेटवा, जावईबापू."

पंप घरघरत होता. जावयानं मूठ फिरवली तसा ट्रान्सफॉर्मरचा आवाज बारीक होत गेला आणि आरशात, जाळीच्या मधोमध, जांभळा ठिपका जन्मला. त्याला आरे फुटले. ते थरथरले आणि स्थिर झाले.

आप्पांनी आयुष्यात पुष्कळ उजेड पाहिले होते, पण ते सगळे काहीतरी दाखवणारे उजेड. हा स्वतःच दाखवण्याजोगा होता. ते इतके लहान वाटले स्वतःला की नकळत हात जोडले गेले. दहा मिनिटं ते तसेच उभे होते.

४

लेकीच्या न्हाणीघराच्या झरोक्याला घोंगडी ठोकली, दाराच्या फटीत टॉवेल कोंबला आणि तांबडा दिवा लावला की आप्पांची डार्करूम तयार. दुपार होती. बाहेर कुणीतरी सायकल पुसत शीळ घालत होतं.

काचेसमोरची फिल्म चांगली काळी निघाली. बरोबर. साक्षीची फिल्म वयामुळं हलकी करडी. तेही बरोबर. उरलेल्या दहाही तशाच करड्या निघायला हव्या होत्या, कारण स्टीलमधून काही येतच नव्हतं.

त्यांनी पहिली फिल्म तांबड्या दिव्याजवळ नेली. मग चष्मा पुसला.

फिल्मवर बारीक तिरप्या रेघांची नक्षी होती.

दुसरीवर होती. तिसरीवरही. दहाच्या दहा.

आप्पा टाकीच्या कडेवर बसले. त्यांना पहिली वाटली ती लाज. म्हातारपण असंच येतं, म्हणतात: गुडघे नंतर जातात, आधी हातातली विद्या जाते. दहा पाकिटं उलटी लावली! एखाद्या नवशिक्यानं एक लावली असती तर त्यांनी त्याला आठवडाभर पुरेल इतकं सुनावलं असतं.

बाहेर आल्यावर ठिणगीनं विचारलं, "काय निघालं?"

"औषध जुनं आहे. नवं कालवून पुन्हा करतो."

खोटं बोलायची सवय नसल्यामुळं त्यांनी ते भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून सांगितलं.

हात धुताना मात्र एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली आणि त्यांनी नळ तसाच चालू सोडला. पाकिटं उलटी लागली असली तरी, स्टीलमधून काही येत नाही म्हटल्यावर, त्या फिल्मवर नक्षी तरी कुठल्या किरणांनी उमटवली?

५

दुसऱ्या रविवारी त्यांनी प्रत्येक पाकिटाच्या पांढऱ्या बाजूला, म्हणजे यंत्राकडं, एक टाचणी चिकटवली. मागच्या बाजूला, म्हणजे भिंतीकडं, एक सेफ्टी पिन. किरण ज्या बाजूनं येतील त्या बाजूच्या वस्तूची सावली पडेल. जावयाला एकेक पाकीट दाखवून वदवून घेतलं.

"टाचणी कुठं?"

"यंत्राकडं."

"पिन?"

"भिंतीकडं. आप्पा, माझ्या लग्नात एवढी चौकशी केली नव्हती तुम्ही."

"तिथं चूक झाली तर निस्तरायला ठिणगी होती."

यंत्र लावलं. दहा मिनिटं ठरली होती, पण जावयाला कॉलेजातून फोन आला. हरवलेल्या चंचुपात्रांवरून तो कुणाशी तरी हुज्जत घालत बसला आणि वीस मिनिटं होऊन गेली. आप्पांनी ते वहीत लिहिलं.

फिल्म धुतल्या. दहाही फिल्मवर नक्षी होती आणि नक्षीत सेफ्टी पिन होती. टाचणी एकावरही नव्हती.

म्हणजे हात चुकले नव्हते. किरण पाठीमागून येत होते. भिंतीकडून यंत्राकडं.

भिंतीवर आपटून परतत असतील, आप्पांनी मनाला समजावलं. पण परतलेले किरण विस्कटतात, सावली पुसट पडते. ही सावली कोरून काढल्यासारखी होती. पिनेच्या स्प्रिंगचे वेढे मोजता येत होते. आणि सावली इतकी रेखीव कधी पडते, तर किरण खूप लांबून येतात तेव्हा. छातीचा फोटो सहा फुटांवरून काढतात तो त्यासाठीच. हे सहा फूट नव्हते. आप्पांना माहीत असलेल्या कुठल्याही अंतराहून हे लांब होतं.

एका भिंतीपलीकडं रस्ता होता, दुसरीपलीकडं मोकळं मैदान. वर छप्पर आणि आभाळ. फरशीवरच्या पाकिटावरही पिन तशीच स्पष्ट होती. तिच्या पाठीमागं, खाली, नुसती जमीन होती. जमीन आणि त्याखाली जे काही असेल ते सगळं.

त्यांनी गेल्या रविवारची फिल्म आणि आजची शेजारी धरली. इस्पितळात असताना त्यांनी काळेपणाची एक पट्टी करून ठेवली होती, फिक्यापासून गडदपर्यंत सात पायऱ्या, प्रत्येकीखाली पेन्सिलीनं माप. पट्टी लावून पाहिली. पुन्हा पाहिली. दोन्ही फिल्म तिसऱ्या पायरीवर.

दहा मिनिटांत जेवढं, वीस मिनिटांतही तेवढंच.

पाऊस दुप्पट वेळ पडला तर बादली दुप्पट भरते. बादली तेवढीच भरली, तर तो पाऊस नव्हे. कुणीतरी मोजून एक तांब्या ओतला. यंत्र कितीही वेळ चालो, प्रत्येक वेळी एकदाच, क्षणभर, सगळ्या बाजूंनी.

हे काय असतं, ते आप्पांना चौतीस वर्षं माहीत होतं. फक्त यंत्राच्या या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते.

६

ठिणगी न्हाणीघराच्या दारातच उभी होती.

"औषध जुनं, होय ना?" ती म्हणाली. "तुम्ही घड्याळाकडं बघून बोललात की मला लहानपणापासून कळतं. आई गेली तेव्हाही घड्याळाकडंच बघत होतात."

मग आप्पांनी सगळं सांगितलं. ती कारागीर बाई होती, मध्ये बोलली नाही. फिल्म उजेडाला धरून एकेक बघितली. शेवटी फक्त एवढंच विचारलं, "एका वेळेला एक फोटो?"

"एका वेळेला एक."

"मग माझे एकेचाळीस."

आप्पांनी मान हलवली. तिसरी पायरी, तीही शिशाच्या पत्र्यातून. माणसावर नेमकं किती पडतं, ते या पाकिटांवरून धड सांगता येत नव्हतं. पण एकेचाळीस हा आकडा त्यांना आवडला नाही. इस्पितळात पोटुशीला एक फोटो काढायचा तरी मोठे डॉक्टर दोनदा विचार करत.

"आता ती धुवा ना, आप्पा. खिशातली."

"उद्या."

"घाबरलात?"

"हो," आप्पा म्हणाले.

ती त्यांच्या शेजारी बसली आणि लहानपणी बसायची तशी त्यांच्या दंडाला डोकं टेकलं.

७

दुसऱ्या दिवशी ठिणगी कारखान्यात गेल्यावर आप्पा आपल्या घरच्या कपाटावरचं मोठं कॅसेट घेऊन आले. छातीच्या फोटोची फळी असते ती, पाठीला शिसं लावलेली. आत एकच मोठी फिल्म उरली होती.

"छातीचा फोटो नेहमी पाठीमागून काढतात, जावईबापू," ते म्हणाले. "फळी छातीशी धरायची, किरण पाठीतून यायचे. मी त्या खुर्चीत फळी धरून बसतो. माणसातून किती जातं ते कळेल."

"तुम्ही आत? ठिणगीला कळलं तर ती मलाच त्या गोळ्यात घालून पेटवेल."

"माझी बोटं बघा. माझ्यावर आणखी एकानं काय होणार आहे?"

जावयानं त्यांच्याकडं बराच वेळ पाहिलं. मग स्विचपाशी गेला.

खुर्ची काचेच्या रेषेतून जरा बाजूला घेतली होती, ठिपका तिरका दिसेल इतकीच. कॅसेट मिठीत धरून आप्पा बसले. दार लागलं. पंपाची घरघर, तेलाचा वास, बाकावर ठिणगीचा विसरलेला मळका हातमोजा. मग तो ठिपका जन्मला.

आरशात पाहिला होता त्याहून तो लहान होता, आणि कितीतरी खोल. लिंबाएवढ्या जागेत एवढी खोली मावते कशी, असं वाटून त्यांच्या अंगावर काटा आला. त्यांना इस्पितळातली बाळं आठवली, गार फळीवर उघडी ठेवलेली, दिव्याकडं टक लावून बघणारी. त्यांना काय ठाऊक, पाठीमागं खोलीत कोण उभं आहे आणि आपल्याला काय म्हणून बघतं आहे.

त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. डार्करूममध्ये कुणी आत येऊन उभं राहिलं, तर दिसत नाही, मानेला कळतं. तसं मानेला कळत होतं. पण मागं कुणी आलं नव्हतं. मागची भिंतच फार दूर गेल्यासारखी वाटत होती, मैदानापलीकडं, आणि तिथून कुणीतरी, घाई न करता, नीट नेम धरावा तसं.

दहा मिनिटांनी जावयानं बंद केलं.

"काही झालं?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. आणि खरोखरच काही झालं नव्हतं.

८

मोठी फिल्म त्यांनी एकट्यानं धुतली. पाणी निथळून खिडकीशी धरली आणि पहिल्यांदा नुसती कारागिराची नजर हरखून गेली. असा फोटो त्यांनी चौतीस वर्षांत पाहिला नव्हता. तरुणपणी मोडून वाकडं सांधलेलं गळ्याचं हाड, फुप्फुसातल्या केसाएवढ्या शिरा, सगळं स्वच्छ. आणि काळेपणा नेमका पाहिजे तेवढा, त्याहून रतीभर जास्त नाही. जो कुणी होता, त्याला काटकसर ठाऊक होती. चांगला हात होता.

मग त्यांनी हृदयाची कड पाहिली.

ती सुरीनं कापल्यासारखी होती. दहा मिनिटं फिल्म समोर होती, हृदय धडधडत होतं, छाती वरखाली होत होती. कड पुसटायला हवी. क्षणभरातच फोटो निघाला, हे त्यांनी आधीच ताडलं होतं, त्याचं नवल नव्हतं. त्यांनी फासळ्या मोजल्या. दहा. छातीचा पडदा पार खाली गेलेला. म्हणजे फुप्फुसं पूर्ण भरलेली. माणूस असा सहजासहजी श्वास घेत नाही, सांगावं लागतं. दहा फासळ्या दिसल्या की मोठे डॉक्टर खूश व्हायचे.

तेव्हा आप्पांना आठवलं. खुर्चीत बसलेले असताना एकदा, कारण नसताना, त्यांनी खोल श्वास घेतला होता. आणि धरून ठेवला होता. आणि मग सोडला होता.

कुणी काही बोललं नव्हतं.

संध्याकाळी त्यांनी ठिणगीपुढं फिल्म ठेवली आणि तिचं रागावणं पूर्ण ऐकून घेतलं. मग हळूच विचारलं, "तुला कधी तिथं, खुर्चीत..."

ठिणगीचा चेहरा बदलला. "रोज एकदा," ती म्हणाली. "आपोआप. मला वाटायचं, सुंदर काही बघितलं की होतं तसं असेल."

९

खिशातली फिल्म धुताना ती आत थांबली. लहानपणी ती डार्करूममध्ये बापासाठी आकडे मोजायची. आजही मोजणार म्हणाली. यंत्राचा प्लग काल रात्रीच काढून ठेवला होता. दुपारचे तीन. घोंगडीच्या विणीतूनही उजेड येत नव्हता, फक्त बाहेरच्या कुणाची तरी शीळ येत होती.

आप्पांनी पाकीट फाडलं. शिशाचा पत्रा बाजूला ठेवला. फिल्म क्लिपेला लावून औषधात सोडली.

"एक... दोन... तीन..." ठिणगी मोजू लागली. तिचा एक हात पोटावर होता.

चाळीसपर्यंत फिल्म दुधी होती. साठपर्यंतही. शंभराला तिचा आवाज कापला, पण ती थांबली नाही. आप्पांनी फिल्म काढली, पाण्यातून फिरवली, दुसऱ्या औषधात बुडवली आणि पुरेसं थांबून तांबड्या दिव्यासमोर धरली.

फिल्म कोरी होती.

"काही नाही?" ठिणगी कुजबुजली. "आप्पा, काही नाही?"

आप्पांनी फिल्म दिव्याच्या आणखी जवळ नेली. कारण साक्षीची फिल्म, जी लोखंडी कपाटात नुसती पडून होती, तीसुद्धा वयानं करडी झाली होती. डब्यातली प्रत्येक फिल्म झाली होती. या जगात नुसतं पडून राहण्याचाही डाग लागतो. ही मात्र काचेसारखी स्वच्छ होती. सात आठवडे तिच्यापर्यंत काहीच पोहोचलं नव्हतं. तो डागही नाही, आणि तिच्यावर आधी होता तोही आता नव्हता.

मग त्यांनी बोटं सरकवून ती तिरपी केली आणि खालच्या कडेला बोटभर काळी पट्टी दिसली. वरच्या कोऱ्या भागाशी ती सरळ, रेखीव रेषेत मिळत होती. ती रेषा त्यांनी झोपेत ओळखली असती. एप्रनची कड. शिसं जिथं संपतं, ती.

ठिणगीला स्वतःला कळलं तो मंगळवार. तोवर एकेचाळीसही फोटो होऊन गेले होते. आणि फिल्म पहिल्यापासून कोरी होती.

कडेपाशी, काळ्या पट्टीत, पांढुरक्या सावल्या होत्या. ओळीनं चार. एप्रन घसरू नये म्हणून कड हलकेच दाबून धरावी, तशा.

आप्पांनी आपला हात फिल्मशेजारी धरला. बोटाच्या टोकाचं हाड, मग सांधा. मधलं हाड, मग सांधा. मुळाचं हाड, मग सांधा. इथवर जुळत होतं. पण फिल्मवर, जिथं बोट संपून तळहात सुरू व्हायला हवा, तिथं आणखी एक सांधा होता, आणि त्याच्या पलीकडं आणखी एक, आणि पट्टी संपली तरी बोट संपलं नव्हतं. टोकाची हाडं मात्र त्यांच्या ओळखीची होती. झिजलेली, कडांना खडबडीत. धरून धरून होतात तशी.

"काय आहे?" ठिणगीनं विचारलं.

"बोटं आलीत फिल्ममध्ये," आप्पा म्हणाले. त्यांचा आवाज फार मऊ झाला होता.

"कुणाची?"

त्यांनी फिल्म पाण्यात सोडली आणि ओल्या हातानं लेकीचा हात धरला. "एकेचाळिसातला एकही त्याला लागलेला नाही, पोरी. एकही नाही. हे मी माझ्या डोळ्यांनी सांगतो."

ठिणगी रडली. तीन वर्षांचं साठलेलं रडली, आणि आप्पा तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. जरा वेळानं ती शांत झाली. बाहेर शीळ घालणाराही थांबला होता. नळ टपटपायचा थांबला होता. पाण्यातली फिल्म तळाशी टेकून स्तब्ध झाली होती.

त्या तांबड्या काळोखात आप्पांच्या ध्यानात आलं, की आपण बराच वेळ श्वास घेतलेला नाही. छाती भरलेली होती, पार खालपर्यंत. त्यांनी ठिणगीकडं पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले होते, ओठ मिटलेले होते, आणि ती हलत नव्हती.

यंत्र बंद होतं. प्लग काढलेला होता. बापलेक एकमेकांचा हात धरून, गार फळीवरच्या बाळांसारखी गुणी, उभी राहिली, आणि कुणीतरी 'सोड' म्हणायची वाट बघू लागली.